कम्युनिटी कॉलेजमधून नर्सिंग करायचं ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय छत्तीस, नाशिकहून बी.कॉम., तिथेच बँकेत काही वर्षं नोकरी, मग लग्न होऊन न्यू जर्सी. बरीच वर्षं एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसाला जोडून मिळणाऱ्या व्हिसावर, घरी काढल्यावर गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. मुलगी तिसरीत आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या पदव्या देणारं स्थानिक सार्वजनिक कॉलेज) दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स आहे. ही पदवी कमी दर्जाची धरतात का, त्यापेक्षा विद्यापीठातून बीएसएन, म्हणजे नर्सिंगची चार वर्षांची बॅचलर पदवी, करावी का, आणि दहावीनंतर विज्ञानाला हात लावलेला नसताना हे झेपेल का?

मी याच वाटेने आले. कम्युनिटी कॉलेजमधून असोसिएट डिग्री, म्हणजे हीच दोन वर्षांची पदवी, घेतली, टेलिमेट्रीच्या वॉर्डात (जिथे रुग्णांच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघतात) कामाला लागले, नोकरी करता करता बीएसएन पूर्ण केलं, आणि आता हॉस्पिटलच्या कामाबरोबर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम, शिकवते. दर सत्रात तुमच्यासारख्या दोन-तीन जणी माझ्या गटात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दर्जाचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलाय, पण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. असोसिएट डिग्रीवाली आणि चार वर्षांची बीएसएनवाली, दोघी लायसन्ससाठी एकच परीक्षा देतात: एनक्लेक्स-आरएन (आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स). संगणकावर, जास्तीत जास्त पाच तास, कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न. पास झाल्यावर मिळणारं लायसन्स एकच, आणि त्यावर कॉलेजचं नाव नसतं. ही दोन वर्षांची पदवी कोणी घाईघाईत काढलेली पळवाटही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता आणि बहुतेक शिक्षण हॉस्पिटलांच्या स्वतःच्या शाळांतून चालायचं. १९५१ मध्ये मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या प्रबंधात हे शिक्षण ज्युनिअर आणि कम्युनिटी कॉलेजांत आणायची कल्पना मांडली, आणि १९५२ पासून काही कॉलेजांत तो प्रयोग सुरू झाला. सत्तर वर्षं झाली. आज इथल्या वॉर्डांत शिफ्ट सांभाळणाऱ्या कितीतरी नर्सेस याच कॉलेजांतून आलेल्या आहेत.

फरक पडतो तो नोकरी शोधताना, आणि तो तुम्ही कुठे राहता त्यावर अवलंबून आहे. मोठ्या शहरातली नावाजलेली, विशेषतः ‘मॅग्नेट’ दर्जाची (नर्सिंगच्या गुणवत्तेचं मानांकन मिळालेली) हॉस्पिटलं नव्या भरतीत बीएसएन मागतात किंवा ठरावीक मुदतीत पूर्ण करण्याचं लेखी घेतात. न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच केला: नव्या आरएनने लायसन्स मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करायचं. तुम्ही नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये नोकरीला जायचा विचार करत असाल तर हे आत्ताच लक्षात ठेवा. लहान हॉस्पिटलं, सबअ‍ॅक्यूट रिहॅब (हॉस्पिटलमधून सुटल्यावर काही काळ उपचार घ्यायची जागा), डायलिसिस सेंटर, नर्सिंग होम, होम केअर इथे असोसिएट डिग्रीवर काम मिळतं. एकदा आरएन झालात की पुढचं बीएसएन ऑनलाइन, साधारण एक ते दोन वर्षांत होतं आणि बऱ्याच ठिकाणी फीचा काही भाग हॉस्पिटल देतं. तुमच्या परिस्थितीत मी याच क्रमाने जाईन: आधी लायसन्स, मग पगार घेत घेत बीएसएन.

एक पर्याय तुम्हाला कोणीतरी सांगेलच: आधीची कुठलीही पदवी असेल तर १२ ते १८ महिन्यांत बीएसएन, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड कोर्स. ज्यांच्या घरी दुसरं कोणी मूल सांभाळायला आहे, विज्ञानाचे विषय झालेले आहेत आणि हातात पैसे आहेत, त्यांच्यासाठी तो चांगला आहे. पण विज्ञानाचे पूर्वअट असलेले विषय, ज्यांना इथे प्रीरिक्विझिट म्हणतात, तिथेही लागतातच. शिवाय खासगी विद्यापीठाची फी कम्युनिटी कॉलेजच्या कित्येक पट असते. सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजांची स्थानिक रहिवाशांसाठीची सरासरी फी वर्षाला सुमारे ४,००० डॉलर आहे. नर्सिंगला त्यावर लॅबचे, युनिफॉर्मचे, सराव परीक्षांचे पैसे लागतात, तरी तुलना होत नाही. आणखी एक अडचण: आपला बी.कॉम. तीन वर्षांचा. काही विद्यापीठं तो पूर्ण बॅचलर म्हणून धरतात, काही तीन वर्षांचं शिक्षण म्हणून. आपली पदवी इथल्या कुठल्या पातळीची ते सांगणारं मूल्यांकन हातात आल्याशिवाय अ‍ॅक्सिलरेटेडचा विचार पुढे नेऊ नका.

आता झेपेल का, याकडे येते. तुम्ही हा प्रश्न एका ओळीत विचारलाय, पण मुद्दा खरा इथेच आहे, आणि त्याला जोडून एक न विचारलेलाही: घराचं वेळापत्रक हे सोसेल का. नर्सिंग सोडून जाणाऱ्या ज्या बायका मी पाहिल्या, त्यांतल्या फार थोड्या बुद्धी कमी पडली म्हणून गेल्या. बहुतेकींचे तास जुळले नाहीत.

‘दोन वर्षांचा कोर्स’ म्हणजे नर्सिंगची चार सत्रं. त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायोलॉजी, मानसशास्त्र, वाढ आणि विकासाचं मानसशास्त्र, इंग्रजी लेखन, कुठे संख्याशास्त्र, कुठे केमिस्ट्री. तुमच्याकडे शाळेनंतरचं विज्ञान नसल्यामुळे अ‍ॅनाटॉमीच्या आधी पायाभूत बायोलॉजी किंवा केमिस्ट्री घ्यायला लावण्याची शक्यता मोठी. बी.कॉम.मधलं इंग्रजी किंवा संख्याशास्त्र कदाचित मान्य होईल, विज्ञानात सूट मिळणार नाही. म्हणजे एक ते दीड वर्ष आधीचं आणि दोन वर्षं नंतरची. घरी सांगताना तीन ते साडेतीन वर्षं सांगा. दोन वर्षं सांगून सुरुवात केली की दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ‘अजून किती?’ हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतो आणि तो फार त्रास देतो.

माझा सल्ला असा: नर्सिंग करायचं की नाही हे आज ठरवूच नका. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचा पहिला भाग घ्या (पायाभूत विषय आधी लागला तर तो), फक्त तो एकच, आणि प्रत्यक्ष वर्गात बसून. चार क्रेडिट, लॅबसकट. लॅबमध्ये मॉडेलं असतात, सूक्ष्मदर्शक असतं, बऱ्याच ठिकाणी मेंढीचं हृदय किंवा मांजराचं विच्छेदन असतं. शाकाहारी घरातल्या मुली त्याला बिचकतात आणि दुसऱ्या तासाला रुळतात. या एका विषयातून तीन गोष्टी कळतात. इंग्रजी पाठ्यपुस्तक तुम्ही किती वेगाने वाचता, आठवड्याला अभ्यासाचे तास घरातून कुठून निघतात, आणि शरीर कसं चालतं हे समजून घेताना तुम्हाला आनंद होतो का. तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूत्रपिंड दिवसभर रक्त कसं गाळतं हे वाचताना ज्या बाईचं चहाचं आधण आटून जातं, ती पुढचं सगळं निभावून नेते. आणि नाहीच आवडलं तर एका विषयाची फी आणि चार महिने गेले, एवढंच.

पण तो विषय गांभीर्याने घ्या. नर्सिंगला प्रवेश बहुतेक ठिकाणी गुणांवर असतो: या विषयांतले ग्रेड आणि टीस किंवा हेसी नावाची प्रवेश परीक्षा. टीसमध्ये वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी असे चार भाग असतात. काही कॉलेजांत प्रतीक्षायादी असते, काही ठिकाणी पात्र अर्जदारांतून सोडत काढतात. विज्ञानात ‘सी’ चालतो असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण जागा ‘ए’ आणि ‘बी’वाल्यांनीच भरतात. आणि बऱ्याच कॉलेजांत विज्ञानाचे विषय पाच-सात वर्षांनी जुने झाले म्हणून पुन्हा करावे लागतात, तेव्हा ‘आत्ता विषय करून ठेवते, मुलगी मोठी झाली की बघू’ हा बेत धोक्याचा.

त्या सत्रातच शक्य असेल तर सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा, म्हणजे सीएनएचा छोटा कोर्स बघा. केंद्र सरकारच्या नियमाने तो कमीत कमी ७५ तासांचा असतो, काही राज्यांत जास्त. त्यात अंघोळ घालणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, जेवू घालणं हे शिकवतात. नर्सिंगच्या पहिल्या सत्राचा मोठा भाग हाच आहे, आणि आरएन झाल्यावरही तो सुटत नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला त्याची लाज राखून स्वच्छ करता येणं, हे या कामाचं मूळ आहे असं मी मानते. ज्याला त्यात कमीपणा वाटतो त्याने ते आधीच ओळखलेलं बरं.

कॉलेज निवडताना इमारत, घरापासूनचं अंतर, मैत्रीण कुठे जाते, हे सगळं नंतर. आधी बघा की कोर्सला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का आणि एसीईएनसारख्या, नर्सिंगच्या कोर्सचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन आहे का; पुढे बीएसएनला जाताना त्याचा उपयोग होतो. मग त्या कॉलेजचा एनक्लेक्सचा पहिल्या प्रयत्नाचा निकाल बघा, तो जाहीर असतो. आणि सल्लागाराला थेट विचारा: पहिल्या सत्रात किती जण बसतात आणि त्यांतले किती ठरल्या वेळेत बाहेर पडतात? निकाल ९५ टक्के असेल पण निम्मा वर्ग वाटेतच गळत असेल, तर त्या ९५ चा अर्थ वेगळा होतो. तुमच्या भागात एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज आहे, इतर काउंट्यांची (इथल्या जिल्ह्यांची) आहेत. आपल्या काउंटीबाहेरच्या कॉलेजात फी जास्त पडते, तेही विचारून घ्या. ‘प्रतीक्षायादी नाही, प्रीरिक्विझिट नाहीत, लगेच प्रवेश’ अशी जाहिरात करणाऱ्या खासगी शाळांपासून सावध राहा. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांनी ७,६०० हून अधिक खोट्या नर्सिंग पदव्या विकल्याचं प्रकरण बाहेर आलं. त्या पदव्यांवर लायसन्स मिळवलेल्यांच्या मागे मग राज्याराज्यांची बोर्डं लागली.

पैशाबद्दल एक गोष्ट आधी कळलेली बरी. ग्रीन कार्डमुळे तुम्ही केंद्राच्या शैक्षणिक मदतीसाठी फॅफ्साचा अर्ज करू शकता. पण पेल ग्रँट ही परत न करायची मदत ज्यांच्याकडे आधीची बॅचलर पदवी आहे त्यांना मिळत नाही, आणि त्यात परदेशातली पदवीही धरतात. कर्ज मिळू शकतं. कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयात बी.कॉम.चं स्पष्ट सांगा, लपवू नका. ज्या अजून एच-४ वर आहेत त्यांच्यासाठी: व्हिसा न बदलता शिकता येतं, बिनपगारी क्लिनिकलही करता येतं, पण नोकरीला वर्क परमिट लागतंच, आणि स्थानिक फी मिळते की नाही हे राज्य आणि कॉलेज ठरवतं. आणि भारतातून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून आलेल्यांनी हा कोर्स पुन्हा करायची सहसा गरज नसते. त्यांनी शिक्षणाची पडताळणी करून थेट एनक्लेक्सचा मार्ग धरावा.

प्रवेश मिळाल्यावर काय बदलतं ते सांगते, कारण आपल्या मुलींची दमछाक इथे होते.

आपण पाठांतरावर वाढलो. अ‍ॅनाटॉमीत ते कामाला येतं, नर्सिंगच्या पेपरात अपुरं पडतं. तिथला प्रश्न असा असतो: तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. एकाची काल शस्त्रक्रिया झाली आहे आणि तो दुखण्याची गोळी मागतोय. एकाची साखर ३१० आहे, जागा आहे, पाणी मागतोय. एकीला घरी जायचंय, नवरा गाडी घेऊन खाली थांबलाय. न्यूमोनियाचे एक आजोबा सकाळी नीट बोलत होते, आता अस्वस्थ आहेत आणि आपण कुठे आहोत ते त्यांना कळत नाही. आधी कोणाकडे जाल? चौघांकडेही जायचं आहे, चारही उत्तरं ‘बरोबर’ आहेत. पण न्यूमोनियाच्या माणसात अचानक आलेला गोंधळ म्हणजे मेंदूला ऑक्सिजन कमी पडत असण्याची खूण, म्हणून आधी आजोबा. हा विचार पाठ होत नाही, सवयीने येतो. रोज असे पंधरा-वीस प्रश्न सोडवा, आणि उत्तर बरोबर आलं तरी बाकीची तीन का मागे पडली ते वाचा. २०२३ च्या एप्रिलपासून एनक्लेक्समध्ये अशाच, पूर्ण केस देऊन विचार तपासणाऱ्या प्रश्नांची भर पडली आहे. बरेचसे नर्सिंग विभाग पास व्हायला ७५ टक्क्यांच्या पुढे मागतात, आणि औषधांच्या डोसच्या गणिताला तर ९० किंवा पूर्ण शंभर. तुम्ही बँकेत काम केलंय, तिथे तुमची अडचण होणार नाही. फक्त पौंडाला २.२ ने भागून किलो करायची सवय लावा.

भाषेची भीती तुम्ही लिहिली आहे. तुमचं लिहिणं बघून मला तुमच्या इंग्रजीची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती आपल्या एका सवयीची: समजलं नाही तरी मान डोलावून ‘येस’ म्हणायचं. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, डॉक्टरांना तर नाहीच, हे आपल्यात लहानपणापासून मुरलेलं असतं. वॉर्डात ते धोकादायक आहे. फोनवर सांगितलेला डोस परत वाचून दाखवायचा हा इथला नियमच आहे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ कानाला सारखे लागतात, म्हणून ‘वन-फाइव्ह’, ‘फाइव्ह-झिरो’ असं म्हणायचं. डॉक्टरांना फोन करताना काय झालं, पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, काय हवंय या चार पायऱ्यांत बोलायचं. त्याला एसबार म्हणतात. मी माझ्या विद्यार्थिनींना हे घरी आरशासमोर मोठ्याने बोलायला लावते. उच्चार बदलावा लागत नाही, वाक्यांचा क्रम पक्का असावा लागतो. आणि औषधांची नावं आत्तापासून कानावर घ्या: आपलं पॅरासिटामॉल इथे अ‍ॅसिटामिनोफेन आहे, साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अ‍ॅड्रेनलीन म्हणजे एपिनेफ्रिन. ताप फॅरेनहाइटमध्ये.

तुमच्याकडे जे आहे तेही सांगते. सासऱ्यांचं पथ्य सांभाळलंय, मुलीच्या तापात रात्र जागलात, बँकेच्या खिडकीत चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोललात. एकोणीस वर्षांच्या वर्गमैत्रिणीला हे शिकायला वेळ लागतो. तुम्ही खोलीत शिरल्यावर रुग्णाचा चेहरा जरा सैल पडलेला मी ओळखू शकते, आणि अशी विद्यार्थिनी गटात असली की मला बरं वाटतं.

आता घर. क्लिनिकलच्या दिवशी सकाळी पावणेसातला गणवेशात हजर राहायचं असतं, काही सत्रांत दिवस बारा तासांचा. कुठलं हॉस्पिटल, कुठला वार, हे कॉलेज सांगतं, बऱ्याचदा सत्राच्या तोंडावर. उशीर आणि गैरहजेरी यांना फार थोडी सूट असते. म्हणून मुलीला शाळेत कोण सोडणार हे नवऱ्याशी आधी ठरलं पाहिजे, आणि ‘मदत करीन’ एवढ्यावर नाही, त्याच्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये ते दिवस अडवून. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांना प्रीरिक्विझिटच्या वर्षी बोलावू नका, ते वर्ष तुमचं तुम्ही निभावू शकता. नर्सिंगचं पहिलं सत्र लागेल तेव्हाची तिकिटं काढा. त्या सहा महिन्यांत घरात तयार डबा मिळणं याची किंमत मी शब्दांत सांगू शकत नाही. गणपती, दिवाळी, मित्रमंडळींचे वाढदिवस यांतले काही त्या काळात हुकतील. घरातल्यांना ते आधीच सांगा.

प्रवेशानंतर पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, सीपीआरचं प्रमाणपत्र आणि लसींचे पुरावे मागतात. लहानपणीच्या लसींचं कार्ड नाशिकला सापडलं नाही तरी घाबरू नका, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी यांची प्रतिकारशक्ती रक्त तपासून दाखवता येते. क्षयरोगाच्या चाचणीला मात्र लक्ष द्या. आपल्याला बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी रोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, चिठ्ठ्या, क्लिनिकल थांबणं. डॉक्टरांकडे सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

‘आता या वयात नर्स?’ असं नातेवाईक म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. इथे आरएन म्हणजे स्वतःच्या लायसन्सवर, स्वतःच्या सहीने काम करणारी व्यक्ती. डोस चुकीचा वाटला तर औषध देण्याआधी थांबून विचारणं हा तिचा अधिकार आणि कर्तव्य आहे. केंद्रीय आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये आरएनचा मध्यम वार्षिक पगार ९३,६०० डॉलर होता. नातेवाइकांना यातलं जे पटेल ते सांगा. चाळिशीत लायसन्स मिळालं तरी पुढे वीस-पंचवीस वर्षं काम करता येतं, आणि पाठ दुखायला लागली तर वॉर्ड सोडून केस मॅनेजमेंट, शाळा, क्लिनिक, शिकवणं अशा वाटा याच लायसन्सवर उघडतात.

या महिन्यात एवढंच करा. कॉलेजच्या नर्सिंग विभागाची माहितीची बैठक असते, तिला जाऊन या. इंग्रजी-गणिताची प्लेसमेंट टेस्ट (कुठल्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी) लागते का ते विचारा. आणि नाशिकला भावाला फोन करून पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचा (विषयवार गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज आजच टाकायला सांगा, कारण मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला ते विद्यापीठाकडूनच यावं लागतं आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कॉलेजची यादी हातात आली की कळवा, कुठला विषय आधी घ्यायचा ते मिळून बघू.